नदीकडचे मुके डबे

पंकजाचं माहेर कर्जतकडचं, कोरडं. लग्न होऊन ती कोपरगाव तालुक्यात गोदाकाठी आली तेव्हा एवढा ऊस तिनं पहिल्यांदाच पाहिला. मागच्या दारापासून नदीपर्यंत नुसता ऊस, आणि त्या उसात बिबटे. मादी उसातच विते, पिल्लं उसातच मोठी होतात. गावातली कुत्री, शेळ्या, वासरं जायला लागली. मग एका संस्थेनं बांधाबांधावर खांब रोवून त्यांवर बिबट्या ओळखणारे डबे बसवले, आणि ते सांभाळायला बारावी शिकलेल्या पंकजाला नेमलं.

काम तिला आवडलं. संस्थेच्या सुहास साहेबांनी जे समजावलं, ते ती गावाला आपल्या भाषेत सांगायची. डब्याला वीज लागत नाही, मोबाईलची रेंज लागत नाही. आतले सेल वर्षभर पुरतात. समोरून बिबट्या गेला की डबा शेजारच्या डब्याला निरोप देतो, तो त्याच्या पुढच्याला, असं होत होत निरोप पाण्याच्या टाकीवर पोचतो आणि तिथला भोंगा वाजतो. मधला एखादा बंद पडला तर निरोप दुसऱ्या वाटेनं वळतो. फक्त नदीकडं तशी दुसरी वाट नव्हती. तिथल्या तीन डब्यांचं बोलणं कारभारीच्या बांधावरच्या एकाच डब्याला ऐकू जायचं.

कारभारी म्हणजे तिचा मोठा दीर. दिवाळीनंतर ऊसतोडणी सुरू झाली आणि एका दुपारी तिला त्याचा खांब रिकामा दिसला. ती तशीच त्याच्या अंगणात गेली.

"भाऊजी, डबा कुठं गेला?"

"काढून ठेवलाय. समोरून नुसतं कुत्रं गेलं तरी भोंगा वाजतो. तोडणीची टोळी म्हनती, एवढं जनावर असंल तर आमी फडात उतरनार न्हाई. ऊस काय वाळवू?"

"पण त्याच्यामागं नदीकडचे तिन्ही डबे मुके झाले."

"माझा डबा माझ्या रानापुरता. ते तीन हायेत की जागेवर. त्यांना कुनी हात लावलाय?"

तिनं खाली बसून मातीत काडीनं रेघा ओढून दाखवल्या. तो बघत होता, पण कान बाहेरच्या ट्रॅक्टरकडं. "तोडणी उरकू दे," म्हणाला आणि उठला.

नवरा, गोरक्षनाथ, म्हणाला, "थोड्या दिवसांचा तर प्रश्न हाय. भावाशी कशाला वाकडं घ्यायचं?" सरपंच बघू म्हणाले. सुहास साहेब फोनवर म्हणाले, शेतकऱ्याची परवानगी नसेल तर आम्हाला खांबाला हात लावता येत नाही.

मग ती नदीकडच्या वस्तीवर दारोदार हिंडली. शेवटचं घर राहीबाईचं. म्हातारी आणि तिचा मुलगा कल्याण एवढीच माणसं. कल्याण कारभारीकडं सालगडी होता.

"मावशी, इकडं बिबट्या आला तर सध्या भोंगा वाजणार न्हाई. दिवस मावळायच्या आत घरात येत जा."

"परवा तर वाजला की."

"तो तिकडच्या डब्यांचा. इकडचा निरोप पोचत न्हाई."

राहीबाई हसली. "तू हायेस ना बघायला. मंग मला कसलं भ्या?"

त्याच आठवड्यात, दिवस कलताना, राहीबाई बांधाला वाकून शेरडांसाठी घास कापत होती. भोंगा वाजला नाही. ती उसात आत ओढलेली सापडली. पंकजा धावत पोचली तेव्हा कुणीतरी वरून लुगडं टाकलं होतं. पाय तेवढे उघडे होते.

वन खात्याची माणसं यायच्या आत कारभारीनं डबा परत चढवला. पंचनाम्याच्या वेळी खांबावर हिरवा दिवा लुकलुकत होता, तो सगळ्यांनी पाहिला. सुहास साहेबांनी नदीकडचा डबा उतरवून लॅपटॉपला जोडला. त्या डब्यानं बिबट्या बरोबर ओळखला होता, निरोपही पुन्हा पुन्हा धाडला होता. घेणारं कुणी नव्हतं. पंकजानं आधीच कळवलं होतं, हे मात्र ते बोलले नाहीत, सरपंचही नाहीत. देखभालीत कसूर झाली, असं गावात ठरलं. देखभाल पंकजाची.

"गप ऱ्हा," गोरक्षनाथ म्हणाला. "तो भाऊ हाय माझा."

दहावा झाल्यावर ती कल्याणकडं गेली. तो ओट्यावर दोर वळत बसला होता.

"कल्याणभाऊ, डबा बिघडला नव्हता. भाऊजींनी काढला हुता."

"ठाव हाय," तो दोरावरची नजर न काढता म्हणाला. "शिडी म्याच धरली हुती."

पंकजा ओट्याच्या कडेला टेकली.

"तुमी सांगून गेल्ता, ते बी आईनं मला सांगितलं हुतं. म्या म्हनलं, मालकाला कसं बोलायचं?"

"आता बोला की. साहेबांपुढं."

त्यानं मान हलवली. "मला तिथंच राबायचंय, ताई."

शेवटी ती एकटीच वन खात्याच्या कचेरीत गेली आणि सगळं सांगून आली. तिथल्या साहेबांनी विचारलं, साक्षीला कोण? तिनं कल्याणचं नाव घेतलं नाही. पुढं पिंजऱ्यात एक बिबट्या सापडला; तो तोच होता की दुसरा, कुणी सांगू शकलं नाही. कारभारीच्या घरची माणसं तिच्याशी बोलायची बंद झाली, आणि गोरक्षनाथही कामापुरतंच बोलतो.

डब्यांचं काम तिनं सोडलेलं नाही. नदीकडचा ऊस पुन्हा डोक्याच्या वर गेलाय. वस्तीवरची माणसं आता भोंग्याच्या भरवशावर राहत नाहीत. ऊन उतरलं की दारं लावून घेतात. पंकजा आली तर पाण्याचा तांब्या पुढं करतात. बस म्हणत नाहीत.