वहाणांवर फिरणारा पंखा

श्री. नथ्थूराव मिस्त्री यांची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा ते माझ्या दुकानाच्या गादीवर उताणे पडलेले होते. त्यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या गौरव अंकात असे वाक्य शोभेल का, असे मी संपादक मंडळींना विचारले. ते म्हणाले, "खरे असेल तर लिहा." खरे आहे.

मी मूळचा तुकईथडचा. बऱ्हाणपूरच्या कापूसबाजारात मी बरीच वर्षे दुसऱ्यांच्या तराजूवर उभा राहिलो आणि मग इतवारा पेठेत स्वतःचे आडतीचे दुकान घातले. शेतकऱ्यांचा कापूस आपल्या गादीवर दलालांकरवी विकून द्यायचा, असा हा धंदा. आमच्या बाजाराची रीत अशी, की दसऱ्याच्या मुहूर्ताला दलाल ज्या गादीवर बसले, तिथेच ते हंगामभर बसतात. ते माझ्याकडे बसले नाहीत तर मला पुन्हा तराजू धरावा लागणार होता. जुन्या पेढ्यांवर दोरीने ओढायचे झालरीचे पंखे होते. गावात वीज नुकतीच आली होती. मी मनाशी म्हटले, आपण विजेचा पंखा लावू. आश्विनातल्या उकाड्यात दलाल दुसरीकडे जातातच कसे ते पाहू.

तेव्हा शनवारा पेठेतून विजेचे पंखे बसवणाऱ्या नथ्थूरावांना बोलावणे धाडले. ते आले, रामराम केला, आणि सरळ गादीवर आडवे झाले. मला वाटले, ऊन लागले. मी पाणी मागवले.

"पाणी नको, सेठ. छत पाहून राहिलो. उभ्याने पाहिलं तर मान दुखते, आणि मान दुखली की माणूस कुठंही खिळा ठोकतो."

मग शिडीवर चढून त्यांनी एकेका तुळईवर हातोडीची मूठ वाजवली. माझे कान पहिल्यापासून तिखट. गादीवरची तुळई वाजली तेव्हा मी म्हणालो, "ही पोकळ बोलते."

"शाबास, सेठ. आतून वाळवीनं खाल्ली आहे. दाराशी वहाणा काढता ना, तिथली तुळई पक्की आहे. पंखा तिथं लावा."

"पंखा वहाणांना लावू, मिस्त्री?"

"गादीवर तुम्ही वारा खाता की कापूस दाखवता, ते आधी सांगा."

"दोन्ही," मी म्हणालो. मुहूर्ताच्या आनंदात माणूस असाच बोलतो.

पंखा निवडण्याचीही एक हकिकत आहे. मी छापील यादीतून एक पसंत केला होता: चार पाती, पितळी वेलबुट्टी, खाली तीन दिवे. नथ्थूरावांनी चित्र दूर धरून पाहिले. "हे झुंबर आहे की पंखा? आणि ह्याला वीज वेगळी लागते. आपल्या गावची वीज दिली तर फिरायच्या आधी धूर देईल." शेवटी त्यांनी साधा, काळा, तीन पात्यांचा पंखा निवडला. शोभेचा नव्हता. आजही फिरतो आहे.

गादीचा हट्ट मी सोडला नाही. तेव्हा त्यांनी शेजारच्या दोन पक्क्या तुळयांवर लोखंडी पट्टी आडवी टाकली, तिला कडी बसवली आणि कडीला सरकीचे भरलेले पोते टांगले. पंख्याच्या दुप्पट वजन तीन दिवस लटकल्याखेरीज त्या कडीवर पंखा चढणार नाही, हा त्यांचा नेम. तो त्यांनी तहसीलदारसाहेबांच्या बंगल्यावरही मोडला नव्हता. तीन दिवस बाजार माझे दुकान पाहायला येत होता. मगनभाऊ दलाल, बाजारातले सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके, दारातून म्हणाले, "सेठ, पंखा म्हणत होते तो हाच का? हवा जरा कमी आहे."

मुहूर्ताचा दिवस उजाडला. आपण लावलेल्या पंख्याजवळ पहिला दिवसभर हजर राहायचे, हाही नथ्थूरावांचा नेम. ते दाराशी, बटणाजवळ उभे होते. आणि काय सांगू, झाडून सगळे दलाल आले. जुन्या पेढ्यांवर दोरी ओढणारेही दारात येऊन पाहून गेले. खंडव्याचे एक खरेदीदार आणि मगनभाऊ समोरासमोर बसले. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटे धरतात, आणि बोटांनी काय सांगितले ते तिसऱ्याला कळता कामा नये. मगनभाऊंनी हातांवर रुमाल टाकला, आणि मी बटणाशी जाऊन मोठ्या दिमाखात पंखा पूर्ण वेगाने सोडला.

आधी नमुन्याचा कापूस उडाला. मगनभाऊंच्या मिशा पांढऱ्या झाल्या, खरेदीदारांची टोपी पांढरी झाली. मग रुमाल उडाला आणि भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीला जाऊन बसला. भर बाजारासमोर दोघांची बोटे उघडी पडली.

मुहूर्ताचा भाव उघडा पडला, याहून मोठा अपशकुन आमच्या धंद्यात नाही. मगनभाऊ उठले आणि पायाने वहाणा शोधू लागले. ते निघाले की मागोमाग सगळे निघणार, हे मला दिसत होते.

तोच बटण बंद झाल्याचा आवाज आला. नथ्थूराव पुढे येऊन हात जोडून उभे राहिले. "मगनभाऊ, चूक माझी. सेठनं दाराशी सांगितलं होतं, मीच गादीवर लावला. मी पोतं तोललं, रुमाल तोलायचा राहिला. सरबत होईपर्यंत बसा, मी जागा बदलतो."

मगनभाऊंनी मिशांवरचा कापूस वेचला. मग सभोवार पाहून विचारले, "बोटं कोणी वाचली काय रे?"

"नाही," सगळे एका सुरात म्हणाले. सगळ्यांनी वाचली होती.

"मग बसा," मगनभाऊ म्हणाले.

सरबत संपायच्या आत पंखा दाराशी गेला. त्या तुळईवर कडी आणि दुसरे पोते नथ्थूरावांनी पहिल्याच दिवशी लावून ठेवले होते. ते पोते मी उंदरांपासून वर टांगलेला माल समजत होतो. सौदा घामातच झाला, पण माझ्या गादीवर झाला.

संध्याकाळी मी त्यांना विचारले, "माझी चूक स्वतःवर का घेतली? उद्या कोण तुम्हाला पंखे लावायला बोलावील?"

"माझी चूक पुढच्या पंख्यानं भरून निघेल, सेठ. तुमचा मुहूर्त वर्षातून एकदाच येतो."

त्यानंतर जे झाले ते आम्हा दोघांच्याही ध्यानीमनी नव्हते. वहाणांजवळची जागा ही बाजारात शेतकऱ्याची जागा. आपल्या मालाचा सौदा होईपर्यंत तो तिथेच उकिडवा बसतो. माझे वडीलही तिथेच बसत. बऱ्हाणपुरात वारा सेठला लागतो, शेतकऱ्याला नाही. माझ्या दुकानी उलटे झाले. तापीच्या दोन्ही काठांच्या गाड्या इतवाऱ्यात शिरल्या की गाडीवाले विचारू लागले, "वहाणांवर पंखा फिरतो ते दुकान कुठलं?" आणि जिथे गाड्या, तिथे दलाल.

नथ्थूराव आता साठीचे झाले, तरी शिडी सोडत नाहीत. परमेश्वराने त्यांना शंभर वर्षांचे आयुष्य आणि धडधाकट गुडघे द्यावेत. सत्कार समितीला एक सूचना आहे. समारंभाच्या दिवशी ते व्यासपीठावर येताच आडवे झाले तर कोणी पाणी आणू नये. छत पाहून झाले की ते आपण होऊन उठतील. मानाच्या खुर्चीसाठी आग्रह मात्र करू नये. ते दाराशी, वहाणांजवळ बसतील. मीही त्या दिवशी तिथेच, त्यांच्या शेजारी बसणार आहे.