चाबी भियांचा पासवर्ड

पासवर्ड टाकायची वेळ आली की चाबी भिया आम्हाला भिंतीकडे तोंड करून उभं करत. आम्ही म्हणजे कॉम्प्युटर विभागातली सगळी माणसं, आणि एकदा खुद्द डायरेक्टरसाहेबसुद्धा. "साहेब, आपण पण," असं ते अदबीने म्हणाले आणि साहेब निमूट वळले. महू रस्त्यावरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात साहेबांना वळवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

सगळे त्यांना चाबी भिया म्हणत; आमच्याकडे भैयाचं भिया होतं. मी काका म्हणायची, कारण विभागात मराठी आम्ही दोघंच. त्यांचे पणजोबा संस्थानच्या तोशाखान्याच्या चाब्या सांभाळायचे, आणि हे ते आठवड्यातून एकदा तरी सांगत. "पणजोबांनी चाबी कधी खुंटीला टांगली नाही, आणि मी पासवर्ड कागदावर लिहू?" साऱ्या कॉलेजचे पासवर्ड त्यांच्या डोक्यात. वही नाही, मोबाइल नाही. मला याचं फार कौतुक होतं. त्यांची नक्कल करत मीही पाठांतराला लागले आणि आईला किराण्याची यादीसुद्धा लिहू देईना.

त्यांचा खरा राग कंपनीच्या पासवर्डवर. नेटवर्कचा स्विच म्हणजे इमारतीतले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी चपटी पेटी. नवी पेटी येते ती कंपनीचा ठरलेला पासवर्ड घेऊन, आणि तो सोबतच्या पुस्तिकेत छापलेला असतो. "डब्यातून निघालेला स्विच म्हणजे रस्त्यावरची प्याऊ, बेटा. कोणीही या, पाणी प्या." तो आधी बदलायचा, मग पेटी भिंतीवर चढवायची. आणि बदललं की सेव्ह करायचं, नाहीतर लाईट गेली की पेटी नवं विसरते आणि जुन्यावर येते. "पाठीमागे आग लागली तरी सेव्ह केल्याशिवाय कुर्सी नाही सोडायची." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की घरचा गॅस बंद करतानाही ते आठवतं.

गेल्या वर्षी सगळ्या स्विचचे पासवर्ड बदलायचा हुकूम निघाला. नवे पासवर्ड काकांनी रचले, मला तोंडी सांगितले आणि काम माझ्यावर सोपवलं. दोन दिवस मी कॉलेजभर, कधी हॉस्टेलच्या जिन्याखाली झाडू-बादल्यांच्या शेजारी, उकिडवी बसून एकेक पेटी उघडली, पासवर्ड बदलला, सेव्ह केला आणि रजिस्टरवर सही केली. काकांनी पाठीवर हात ठेवला. त्या आठवड्यात मी हवेत होते.

तीन महिन्यांनी ऑनलाइन परीक्षा मध्येच बंद पडली. हॉस्टेलमधल्या एका मुलाने गंमत म्हणून पुस्तिकेतला पासवर्ड घालून पाहिला आणि परीक्षा-हॉलचा स्विच उघडला. तपासलं तर सगळ्याच स्विचवर कंपनीचा पासवर्ड. साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, हे काम कोणाचं होतं? मी काकांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. मग त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि माझं पूर्ण नाव, आडनावासकट, वाचून दाखवलं.

बाहेर आल्यावर ते हळूच म्हणाले, "तू बदलला असशील, सेव्ह करायचं राहून गेलं असेल. मध्ये लाईट गेली होती ना? होतं असं, बेटा." मी विश्वास ठेवला. काका म्हणतात म्हणजे माझाच हात चुकला असणार. माफीचा अर्ज मी त्यांच्याच टेबलावर लिहिला. त्यात मी "शायद मुझसे भूल हुई" असं लिहिलं होतं. त्यांनी 'शायद' खोडलं. "साफ लिही. साफ लिहिलेलं साहेब लोकांना बरं वाटतं." साफ लिहूनही माझी नोकरी गेली. बाबा चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

सहा महिन्यांनी माझ्या जागी आलेल्या इंजिनिअरचा फोन आला. "दीदी, पुराने लॉग देख रहा था. आपने तो सब सेव्ह किया था." लॉग म्हणजे स्विचमध्ये कोण, कधी, कुठून शिरलं याची आपोआप होणारी नोंद. त्यात दिसत होतं, मी सेव्ह केल्यावर दहा दिवसांनी, एका सुट्टीच्या दिवशी, काकांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून कोणीतरी एकेका स्विचवर शिरून कंपनीचा पासवर्ड परत घातला होता. तो कॉम्प्युटर दुसरं कोणी वापरत नसे.

मी त्याच संध्याकाळी सुदामा नगरला त्यांच्या घरी गेले. ते नुकतेच रिटायर झाले होते. नाकारलं नाही त्यांनी. "नवे पासवर्ड डोक्यात राहीनात गं. कधी आठवायचे, कधी जायचे. सगळे आठवले त्या दिवशी बदलून टाकले. तुला विचारलं असतं तर तुला कळलं असतं. पुस्तिकेतला तरी पाहून घालता येतो." आणि मीटिंगमध्ये? मी विचारलं. "माझे चार महिने राहिले होते. तुझ्यापुढे तर पूर्ण उमर पडली आहे." हे त्यांनी मला समजावण्याच्या सुरात सांगितलं.

"लिहून द्या," मी म्हटलं. त्यांनी कागद घेतला. अक्षर तेच, मोत्यासारखं. 'पासवर्ड मी स्वतः बदलले', इथवर सरळ लिहिलं. पुढे 'यात निर्दोष आहे ती कुमारी' एवढं लिहून पेन थांबलं. "बेटा, तुझं पूर्ण नाव काय गं?"

आधी वाटलं, सोंग आहे. मग त्यांचा चेहरा पाहिला. सहा वर्षं एका टेबलावर डबा खाल्लेल्या माणसाला मी माझं नाव सांगितलं, आणि ते त्यांनी एकेक अक्षर जपून लिहून घेतलं.

त्या कागदाने माझ्यावरचा ठपका गेला. आई म्हणते, आजारी माणूस आहे, आता तरी माफ कर. पण मीटिंगमध्ये ते रजिस्टर वाचत होते, तेव्हा माझ्या सहीत नुसती आद्याक्षरं होती. पूर्ण नाव त्यांनी आठवून सांगितलं होतं. मी माफ केलेलं नाही.