परत काही जायची नाही मी

आमच्या आत्याबाईंचं समाधान करील असं एकही गाव या भरतखंडात नव्हतं. त्या माझ्या मामंजींच्या थोरल्या बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं झालं आणि माहेरी आल्या, त्या आमच्या दिवेआगरच्या घरातच राहिल्या. पन्नास माणसांचा सोवळ्यातला स्वयंपाक त्या एकट्या ओढायच्या, म्हणून पंचक्रोशीतली कुठलीही मंडळी यात्रेला निघाली की आधी आत्याबाईंना विचारायची आणि मग मुहूर्त काढायची. अशा त्या काशी, रामेश्वर, नाशिक, पुणे, मुंबई सगळं हिंडल्या. आणि जिथून येतील तिथलं बोचकं ओटीवर टेकायच्या आतच म्हणायच्या, "परत काही जायची नाही मी."

आमच्याकडे यात्रेहून आलेल्या बाईचे पाय आळीतल्या बायका धुतात. जिला जाता आलं नाही तिला त्या धुण्यानं थोडं पुण्य लागतं म्हणतात. आत्याबाई आल्याची खबर लागली की हातातलं कांडण टाकून बायका आमच्या ओटीवर जमत. पुण्य हवं असे हे खरं, पण त्याहून जास्त हवं असे ते ऐकायला. सगळ्यांत पुढे शेजारची यमूवहिनी. तिची सासू सात-आठ वर्षं अंथरुणाला खिळलेली. यमूवहिनीला समुद्रावर जायचं तरी कुणाला तरी घरात बसवून जावं लागे. ती पाय धूत धूत विचारायची, "सांगा ना आत्याबाई, कसं होतं?"

"कसलं कसं? गंगा गंगा म्हणतात, पलीकडचा काठ दिसतो. ज्याचा पलीकडचा काठ दिसतो त्याला काय भ्यायचं आणि काय नमस्कार करायचा? आणि गल्ल्या कशा, तर आपल्या गोठ्याच्या बोळाएवढ्या, प्रत्येकीत एक बैल आडवा. मी त्याला म्हटलं, बाबा, तुला भेटायला मी आगबोटीत ओकत ओकत आले काय?" काशीला गेलं की आपल्या आवडीची एक वस्तू सोडून यायची असते. लोक शहाणपणानं भोपळा सोडतात, कारलं सोडतात. भटजींनी विचारलं, "आजी, काय सोडता?" आत्याबाई म्हणाल्या, "काशी."

रामेश्वरला सूर्य समुद्रातून उगवतो, हे तर त्यांना अजिबात खपलं नाही. "आपला कसा, दिवसभर राबतो आणि संध्याकाळी समुद्रात अंघोळीला उतरतो. ते शोभतं. तिथं उठल्या उठल्या ओला." मुंबईच्या जनावरांच्या बागेतला वाघ झोपलेला होता म्हणून त्या रागावल्या. आमची कालवड नेली तो वाघ निदान जागा होता, असं त्यांचं म्हणणं. पुण्यात एक नारळ चार दिवस पुरवतात हे सांगताना त्यांचा आवाज कुणाच्या मरणाची बातमी सांगावी तसा खाली यायचा. आणि महाबळेश्वर. "तंगड्या तुटेस्तो चालवलं, कड्यावर उभं केलं आणि म्हणाले, बघा. काय बघा? तर आपलं कोकण. वरून. तेही धुक्यात. अगो, लोक इतका खर्च करून जे बघायला जातात तिथं आपण फुकट राहतो, आणि मी मुक्कामपोस्ट सोडून तिथं कशाला मरायला गेले?"

बायका हसून हसून ओटीवर लोळायच्या. आमच्या वाडीत कामाला येणारी चांगुणा एकदा पदरानं डोळे पुशीत म्हणाली, "आत्याबाय, मंग समद्या मुलखात चांगला गाव हायच न्हाय का वो?"

"असेल गो. मला अजून तिथं कुणी नेलं नाही."

यमूवहिनी उठताना दर वेळी तेच म्हणायची, "बाई बाई, सुटले मी. बरं झालं गेले नाही ते." आणि घागर कमरेवर घेऊन अशी हलकी होऊन जायची की जणू आताच कुठून तरी सुटून आलेली आहे.

मला मात्र ते सगळं ऐकून जास्तच जावंसं वाटायचं. माझं माहेर खाडीपलीकडे, सासर अलीकडे; माझा सगळा प्रवास त्या होडीत मावला होता. आमचे हे मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला येत. झोपलेला का होईना पण वाघ पाहावा, गल्लीत अडून बसणारा बैल पाहावा, असं माझ्या मनात फार होतं. पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. लग्नानंतरच्या सात वर्षांत मी मामंजींशी जे बोलले ते "पान वाढलंय" एवढंच असेल.

एका मार्गशीर्षात नाशिकला मंडळी निघाली आणि आत्याबाईंचे गुडघे आखडले. त्या म्हणाल्या, "माझ्याऐवजी हिला न्या. माझ्या हाताखाली तयार झाली आहे." मी दाराआड उभी होते. मामंजी झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. त्यांचा आपल्या बहिणीच्या शब्दावर फार विश्वास, आणि तिथंच घोटाळा होता. ते म्हणाले, "आक्का, नाशिक म्हणजे धूळ, माशा आणि गर्दी, हे तूच याच ओटीवर सांगितलंस. आपली विहीर शंभर माणसांनी वेढली की रामकुंड होतं म्हणालीस. तिथं पोरीला कशाला धाडायची?"

आत्याबाईंनी जन्मात कुठल्या गावाची स्तुती केलेली नाही, सवय कुठली असणार.

"नाशिकला," त्या म्हणाल्या, "हवा आहे."

"हवा इथंही आहे."

"गोदावरीला पाणी आहे."

"नदी आहे ती, आक्का. असायचंच."

"द्राक्षं असतात. वेलाला." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. दाराच्या फटीतून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि उंचावरून उडी मारावी तसं बोलून टाकलं, "गुडघे बरे असते तर मी परत गेले असते."

मामंजींच्या हातातला अडकित्ता खाली पडला. असं वाक्य त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. तो उचलता उचलता ते म्हणाले, "मग जाऊ दे तिला."

मी गेले. आगबोटीत मी आत्याबाईंपेक्षा जास्त ओकले. आगगाडी पाहून खुळ्यासारखी हसले. धूळ होती, माशा होत्या, रामकुंडावर गर्दी होती. आत्याबाईंनी एक शब्द खोटा सांगितला नव्हता. आणि रोज भाकऱ्या आटपल्या की मी घाटावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसत होते. कुणी हाक मारत नव्हतं. पलीकडचा काठ दिसत होता आणि मला तो फार आवडला.

परत आले तेव्हा ओटीवर बायका जमल्याच होत्या. यमूवहिनीनं माझे पाय परातीत घेतले. तिचे हात राखेनं फाटलेले होते. वर न बघता तिनं विचारलं, "खरं सांग हो, कसं होतं?" बोलायचं ते सगळं माझ्या गळ्याशी आलं होतं, घाट, द्राक्षं, पाणी. मी तिच्या मानेकडे पाहिलं.

"काही नाही गो," मी म्हटलं. "आपली विहीर. वर शंभर माणसं. आणि माशा तर अशा, की देवळात देवाच्या आधी त्यांनाच नैवेद्य."

बायका हसल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला हसवलं. यमूवहिनीही हसली, म्हणाली, "बाई बाई, सुटले मी." आत्याबाई खांबाला टेकून वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. एवढंच विचारलं, "परत जाशील?"

"परत काही जायची नाही मी."

बायका गेल्यावर मी परात उचलून माजघरात आले, तर त्या पाठोपाठ आल्या. गुडघ्यावर हात ठेवून पाटावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "घाटाच्या तिसऱ्या पायरीवर बसलीस का गो? तिथं पाणी गार असतं. मी रोज बसत होते."

आत्याबाई आता नाहीत. यात्रेची मंडळी आता मला विचारून मुहूर्त काढतात. मी जाते, आल्यावर यमूवहिनी पाय धुते, आणि मी तिला ते गाव किती वाईट होतं ते पोटभर सांगते.