दोन पान्यांचं काम

गॅरेजवर पाटी होती, पण ती वाचायची तसदी कधी कुणी घेतली नाही. लोक म्हणत, "थोरल्या-धाकट्यांकडे टाक गाडी." धाकटा निघून गेला त्याला वर्षं झाली, तरी अजून तसंच म्हणतात. थोरल्यांना दर वेळी कुठेतरी लागतं ते. पण लोकांची जीभ एकदा वळली की वळली, तिला कोण सरळ करणार?

थोरले म्हणजे बोलण्यात महाकंजूष. सकाळी बंद केलेलं तोंड जेवताना मीठ मागायला उघडायचं. बोलायचं खातं धाकट्याकडे. गिऱ्हाइकाला हसवणं, गाडी लांबली तर मनाला येईल ती थाप मारणं, भावाच्या वाटचं "या, बसा" म्हणणं, सगळं तोच करायचा. थोरले गाडीखाली, धाकटा गिऱ्हाइकापाशी. तो गेला आणि गॅरेज मुकं झालं.

भांडण कशावरून, तर ऐकून हसाल. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्समधलं लाल तेल तापतं. ते गार करायला दोन लोखंडी नळ्यांतून पुढे रेडिएटरपर्यंत नेतात आणि परत आणतात. नळी रेडिएटरला जोडायची तर दोन पाने लागतात. एका पान्याने रेडिएटरकडचा सांधा धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने नळीचा नट पिळायचा. सांधा सुटला तर तोच फिरतो आणि रेडिएटर फाटतो. कुठलाही मिस्त्री हे आपल्या दोन हातांनी करतो. या दोघांनी मात्र शिकाऊ होते तेव्हापासून वाटून घेतलेलं. थोरल्यांनी खालून "धर" म्हणायचं, धाकट्याने वरून धरायचं. एकट्याने होणाऱ्या कामाला दोघं लागायचे, आणि त्यातच दोघांना सुख होतं.

एक दिवस सांधा फिरला. रेडिएटर फाटला आणि लाल तेल थोरल्यांच्या तोंडावर.

"तू सोडलंस," थोरले म्हणाले.

"तू जास्त पिळलंस," धाकटा म्हणाला.

जन्मभर न बोललेला माणूस त्या दिवशी बोलला आणि नको ते बोलला. "धरता येत नसेल तर घरी बस." धाकट्याने हात पुसले आणि तो गेला. दुसऱ्या गावात लेकीकडे राहिला आणि स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभा राहू लागला. थोरल्यांनी बोलावलं नाही. बोलवायचं तर तोंड उघडायला लागतं ना!

तरी गाडीखाली शिरले की त्यांच्या तोंडून "धर" निघायचंच. मागच्या खोलीत बायकोला ते ऐकू यायचं. कुणाला म्हणताय, असं तिने कधी विचारलं नाही.

मग छापखानेवाल्यांची गाडी आली. त्यांच्या वडिलांच्या वेळची, लांबलचक, दुधाळ रंगाची. छापखाना विकला, पण गाडी विकायचं नाव घेत नव्हते. खाली लाल थेंब पडत होते. दुसऱ्या दोन गॅरेजांत गिअरबॉक्सखालचं पॅकिंग बदलून झालं होतं, थेंब आपले चालूच. थोरल्यांनी खालचं सगळं पुसून लख्ख केलं, इंजिन चालू ठेवलं आणि टॉर्च घेऊन खाली पडून राहिले. तेल गळतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. पुढे क्लिपखाली नळी घासून गंजली होती. तिथून बारीकसा थेंब निघायचा, नळीवरून घरंगळत मागे जायचा आणि गिअरबॉक्सखाली पडायचा.

नवी नळी वाकवली की संपलं. थोरल्यांना एका दुपारचं काम. पण ते बाहेर आले आणि म्हणाले, "याला धाकटा लागेल."

आयुष्यात मारलेली ही त्यांची पहिली थाप.

"मग बोलवा की," छापखानेवाले म्हणाले. घोडं नेमकं तिथेच अडलेलं होतं. गाडी उभी राहिली. खाली पत्र्याचा ट्रे आणि त्यात थेंब. छापखानेवाले रोज येऊन आजारी माणसाला भेटावं तसे गाडीपाशी बसून जायचे.

शेवटी बायकोचा संयम सुटला. "अहो, असल्या नळ्या तुम्ही डोळे मिटून वाकवता. मला काय शेंड्या लावता?"

"दोन पान्यांचं काम आहे."

"आणि तुम्हाला हात किती आहेत?"

थोरले पाना पुसू लागले. तिने स्वतःच फोन लावला. "भावजी, यांना एक नळी जमत नाहीये."

"वहिनी, खोटं बोलू नका."

"बरं, नाही बोलत. या तुम्ही."

धाकटा आला. आल्या आल्या गाडीखाली वाकून बघितलं. "दादा, ही तुला जमत नाही?"

"नाही," थोरले म्हणाले, आणि कान लाल झाले.

थोरल्यांनी जुनी नळी शेजारी ठेवून नवी वाकवली, सांध्यात घट्ट बसावीत म्हणून तिची दोन्ही टोकं फुलवली. तोवर धाकट्याने छापखानेवाल्यांना अशा काही थापा मारल्या, की एवढे दिवस गाडी अडकल्याबद्दल उलट त्यांनीच आभार मानले. थोरल्यांना वाटलं, हे असंच चालू राहावं, नळी कधी संपूच नये.

मग ते खाली शिरले. "धर."

वरून पाना सांध्यावर बसला आणि टकटक वाजू लागला. थोरल्यांनी फटीतून पाहिलं. धाकट्याचा हात थरथरत होता. त्याने दुसऱ्या हाताने तो दाबून धरला, तरी थांबेना.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच," धाकटा वरून म्हणाला. "त्याच्याही आधीपासून. मीच सोडलं होतं, दादा."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? हात गेला म्हणून सांगितलं असतं तर तू मला खुर्चीत बसवून चहा पाजला असतास. भांडून गेलो, निदान मिस्त्री म्हणून गेलो."

थोरल्यांचे डोळे भरले. उताणं पडलेल्या माणसाला धड पुसताही येत नाहीत. त्यांनी डावा हात वर घातला, भावाच्या हातासकट पाना धरला आणि उजव्याने नट पिळला. इंजिन तापेपर्यंत चालवून पाहिलं. थेंब नाही.

संध्याकाळी धाकट्याला बसमध्ये बसवताना थोरल्यांच्या मनात खूप होतं. तोंडातून आलं ते "सांभाळून जा". काय म्हणावं या माणसाला!

त्यानंतर छापखानेवाले रस्त्यात भेटले की थोरले विचारायचे, "गळतंय का काही?" ते खुशीत सांगायचे, "थेंब नाही हो," आणि थोरल्यांचा चेहरा उतरायचा. मिस्त्रीला आपल्याच कामाचं एवढं वाईट वाटताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"आता कुठली गाडी बिघडायची वाट बघताय?" बायको म्हणाली. फोन लावला आणि त्यांच्या हातात कोंबून आत निघून गेली.

"काय रे दादा? परत गळायला लागली?"

"नाही."

"मग?"

थोरल्यांनी फोन या कानावरून त्या कानावर नेला. मग म्हणाले, "तू ये."

"मी येऊन काय करू? मला धरता येत नाही, बघितलंस ना."

"नको धरूस. नुसता ये," थोरले म्हणाले. "मला करमत नाही रे."