तोफांच्या ठाण्याखाली पिठाचा पोरगा

माझा थोरला मालवाहू जहाजावर खलाशी होता. जहाज बुडालं, पोरगं सापडलं न्हाय. मढं मिळालं न्हाय तर आमच्यात माणूस पिठाचं करून जाळत्यात, त्याबिगर त्याची सुटका न्हाय. बायकोनं जोंधळ्याच्या पिठाचा टीचभर पोरगा केला, फडक्यात गुंडाळून दिला. म्हणली, "पाण्याजवळच अग्नी द्या. राख तेवढी घिऊन या."

कोकणात समुद्राकाठी, टेकाडावर, मागच्या मोठ्या लढाईतलं तोफांचं ठाणं हाय. आता तिथल्या भिंतीवर बुडालेल्या खलाशांची नावं कोरल्यात. त्या दिवशी फुलं वाहायला घरच्यांना सरकारी बोलावणं होतं. म्या पोराच्या नावाखाली गवऱ्या मांडल्या, तर चौकीदार धावत आला.

"बाबा, इथं जाळ करायला बंदी आहे."

"तोफा डागायला बांधलंय नव्हं हे? मंग चार गवऱ्यांनी काय कोसळतंय?"

पांढऱ्या कपड्यातला साहेब म्हणाला, "आजोबा, सगळ्यांसारखी फुलं वाहा ना."

"फुलं तुम्ही वाहा. तुमचं कुणी गेलं न्हाय."

"तिसऱ्या ओळीत माझा भाऊ आहे," चौकीदार म्हणाला. म्या तिकडं बघितलं न्हाय. गवऱ्या उचलल्या आन् खाली वाळूत उतरलो.

पाणी लई लांब होतं. पार त्याच्या कडंला जाऊन गवऱ्या रचल्या, वर पोरगा निजवला. वरनं चौकीदार ओरडाय लागला, "मागं या, भरती लागलीय!" मला वाटलं, इथनंबी हाकलतोय.

"समुद्र तुझ्या बापाचा हाय का?" म्हणलं.

आमच्या तलावाचं पाणी बसल्या जागी बसतं. समुद्राचं माणसाच्या अंगावर चालून येतंय, हे मला कुणी सांगावं? वाऱ्यानं चार काड्या विझल्या. पाचवी धरली तवर गुडघाभर लाट आली. गवऱ्या पांगल्या. पोरगा एकदा वर आला, मंग दिसला न्हाय. चौकीदारानं दंडाला धरून मला बाहेर ओढलं. म्या त्याचा हात झटकला.

येताना येरमाळ्याला गाडी थांबली. चहावाल्याच्या चुलीतली मूठभर राख मागून घेतली, फडक्यात बांधली.

बायकोनं फडकं दोन्ही हातात घेतलं. "नीट जळला का?"

"जळला."

तवर ती रोज पोराचं ताट वाढायची. त्या दिवशी दोनच वाढली. म्या खाली मान घालून जेवलो.