धम्मदीपाचं सेटिंग

सुदाम मेश्रामची कंबर दुखत होती, आणि ती का दुखते हे साऱ्या गावात त्याच्याइतकं चांगलं कुणालाच ठाऊक नव्हतं. माणूस नोकरीला सस्पेन्शनच्या कारखान्यात, उभा जन्म गेला स्प्रिंगा तपासण्यात, आणि शनिवार-रविवारी बसायचा अशा गाडीवर जिचं सस्पेन्शन त्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाच्या माणसासाठी लावलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नागपूरहून जर्मनीत इंगोलश्टाटला इंजिनिअर म्हणून आला तेव्हा सुदाम सडपातळ होता. पुढे आल्प्सच्या पायथ्याशी एका लहान कारखान्यात आला, तिथे टेस्टिंगला बसला, आणि बसूनच राहिला. वजन नव्वदीच्या पार गेलं. दोन हजार नऊचं साल. मंदीने कारखान्यात कुर्झआर्बाइट लागलेलं, म्हणजे आठवड्यात मोजके दिवस काम, बाकी घरी. काम कमी झालं तरी थकवा काही कमी होईना. उलट रिकाम्या दिवसांनी माणूस जास्त दमतो, हे त्याला या वर्षी कळलं.

बायको नंदा डोंगरावरच्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या लॉजमध्ये, स्वयंपाकाला. हिवाळ्यात वरचा रस्ता बंद होतो. मग ब्रेड, दूध, भाजी सगळं बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलच्या मागे घसरगाडी जोडून चढवायचं. इतकी वर्षं ते काम त्यांची मुलगी धम्मदीपा करायची. पोरगी काडीसारखी, पण गाडी अशी हाकायची की मालकीण फ्राऊ ब्रांडल दारात उभी राहून बघत बसायची.

तिच्यासाठी गाडी सुदामनेच लावून दिली होती. या कामाची एक रीत आहे: बसलेल्या माणसाला स्वतःचं माप घेता येत नाही. आधी गाडीचा मागचा दांडा वर उचलून जमिनीपासून उंची मोजायची. मग चालवणाऱ्याने जाकीट, बूट, हेल्मेट सगळं चढवून बसायचं आणि दुसऱ्याने मागे वाकून टेप धरायचा. गाडी किती दबली त्यावरून स्प्रिंगेच्या टोकाचा कॅम, म्हणजे ताण बदलायची चकती, फिरवायचा. मऊ, मध्यम, कडक अशा त्याच्या खाचा. धम्मदीपाला सगळ्यात मऊ खाच लागली. बर्फात गुडघे टेकून सुदामने दोन्ही बाजूंचे कॅम फिरवले होते, आणि ती वरून जर्मनमध्ये सूचना देत होती, जणू हा तिचा नोकरच. तेव्हा त्याला फार बरं वाटलं होतं.

सप्टेंबरात तिला दूर नेकारसुल्मला तात्पुरती नोकरी लागली. निघताना म्हणाली, "माझं सेटिंग हलवू नका हं, बाबा. दर पंधरा दिवसांनी मी आहेच."

बर्फ पडलं. पंधरवडे आले आणि गेले. फोन यायचा, "जयभीम बाबा," आणि मग पुढे जर्मनमध्ये कारण: कधी प्रोजेक्ट, कधी सर्दी, कधी नुसतंच "पुढच्या वेळी, गेनाऊ," म्हणजे नक्की. फ्राऊ ब्रांडलने सुदामला विचारलं, ती येईपर्यंत तू चालवशील का? ती येईपर्यंत, एवढंच त्याच्या कानात राहिलं. तो हो म्हणाला.

पहिल्याच फेरीत त्याला कळलं. भारी माणूस बसला की गाडीची मागची बाजू बसते, नाक वर होतं, पुढच्या दोन्ही घसरपट्ट्या बर्फाला धड टेकत नाहीत. हँडल फिरवा हवं तितकं, गाडी सरळच जाते. खड्ड्यात मागचा भाग खाली आपटतो आणि हिसका थेट मणक्यात. उपाय त्याला झोपेतही सांगता आला असता. कॅम दोन खाचा पुढे, बस्स.

पण तो कॅमला हात लावेना.

"हो, हो, करतो," असं नंदाला म्हणत त्याने नोव्हेंबर काढला. डिसेंबरात ओढ्यावरच्या वळणाला गाडी वळलीच नाही. कुंपणाला जाऊन धडकली म्हणून निभावलं. दुधाचे क्रेट ओढ्यात गेले. रात्री कमरेला मलम चोळताना नंदाचा संयम सुटला.

"अहो, पुढच्या वेळी तुम्ही त्या ओढ्यात जाल. पाच मिनिटांचं काम आहे, मला काय कळत नाही?"

"ती आली की परत सगळं बदलायचं का?"

"ती आली की!" नंदा म्हणाली आणि मलमाचं झाकण लावत बसली. ते झाकण केव्हाच लागलं होतं.

नाताळात धम्मदीपा दोन दिवसांसाठी आली. सुदामने आदल्या दिवशी गाडी पुसून ठेवली होती. तो तिला ओढतच शेडमध्ये घेऊन गेला. तिने गाडीभोवती चक्कर मारली, वाकडा झालेला बंपर पाहिला, आणि मागे वाकली.

"बाबा, हे अजून मऊवरच आहे?"

"तुझंच सेटिंग आहे. हात नाही लावला."

तिने कॅमच्या खाचेवरून बोट फिरवलं. मग खाली बघतच म्हणाली, "मी तिकडे कायमची नोकरी घेतली, बाबा. घरही घेतलंय भाड्याने. फोनवर सांगवेना."

सुदाम "बरं," म्हणाला. "चांगलं झालं," असंही म्हणाला.

"बसा," ती म्हणाली. तो तसाच बसायला गेला. "असं नाही. जाकीट, बूट, सगळं. तुम्हीच शिकवलंय."

तो कपडे चढवून बसला. ती टेप धरून मागे वाकली आणि जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली. इतकी गाडी दबलेली तिने कधी पाहिली नव्हती. पाना लावला. एक बाजू, मग दुसरी. पुन्हा मोजलं. ठीक होतं.

"आता तू एक चक्कर मार," सुदाम म्हणाला.

ती बसली. गाडी तिच्या वजनाने जरासुद्धा दबली नाही. अंगणात ती फळीवर बसल्यासारखी दणदणत एक फेरी मारून आली, आणि किल्ली त्याच्या हातात दिली. त्याचा हात आपसूक पान्याकडे गेला.

"राहू द्या, बाबा. वर तुम्हालाच जायचंय."

दुपारी तो माल घेऊन निघाला. ओढ्यावरचं वळण आलं. त्याने हँडल जरासं फिरवलं आणि गाडी निमूट वळली. खड्डे आले, एकही कमरेत बसला नाही. इतकी चांगली गाडी त्याने सबंध हिवाळ्यात चालवली नव्हती, आणि डोळे पुसायला त्याला वाटेत दोनदा हेल्मेट काढावं लागलं.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारात नंदा उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"कंबर?"

"नाही दुखली," सुदाम म्हणाला, आणि क्रेट उतरवायचे सोडून पायरीवर बसून राहिला. नंदा हात पुसून स्वतःच क्रेट उतरवू लागली.