‘मोर्णाकाठ’ वाहिनीचा लेख आणि पाकिटातलं कात्रण

गेल्या रविवारी अकोल्याला जाऊन आले. काम तसं फोनवर होण्यासारखं होतं, पण झालं नाही...

मी अमरावतीत एका कॉलेजची ग्रंथपाल आणि फावल्या वेळात इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशाची संपादक. पगार शून्य, शिव्या भरपूर. स्थानिक टीव्ही वाहिन्यांचे लेख तपासायचं काम माझ्याकडे असतं, कारण ते दुसरं कोणी अंगावर घेत नाही.

या लेखांचा एक ठरलेला थाट असतो. ‘जनसामान्यांचा बुलंद आवाज’, ‘निर्भीड, निःपक्ष’... आणि संदर्भ म्हणून वाहिनीचंच फेसबुक पान! आमचा नियम साधा आहे. वाहिनीशी संबंध नसलेल्या कुणीतरी तिच्याबद्दल काही छापलेलं हवं. मुलीचं कौतुक आईबाप करतात ते स्थळवाले ऐकून घेतात, चौकशी मात्र बाहेर करतात. तसंच हे.

तर अकोल्यात एक केबल वाहिनी होती, आपण तिला ‘मोर्णाकाठ’ म्हणू. घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले आणि ती बंद पडली. तिच्यावरचा लेख मालकांच्या मुलीने, स्वातीने लिहिला होता. मी विशेषणं खोडली तर तीन ओळी उरल्या आणि त्यांनाही संदर्भ नव्हता. मग सूचना लावली... सात दिवसांत संदर्भ द्या, नाहीतर लेख काढला जाईल.

दुसऱ्या दिवशी स्वातीचा फोन. माझा नंबर तिला कुणी दिला ते अजून कळलं नाही. “ताई, तुमी काहून खोडून राहिल्या? अख्ख्या अकोल्याले माहीत आहे आमचं चॅनल!”

अख्ख्या अकोल्याला माहीत असणं हा संदर्भ होत नाही, असं मी सांगितलं. मग तिचा आवाज उतरला. टेपा पाण्यात भिजून गेल्या, ऑफिसच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. हा लेख गेला तर बाबांनी इतकी वर्षं काय केलं, याची कुठेच खूण उरणार नव्हती... मला वाईट वाटलं. सूचना तरीही काढली नाही.

शोधायला मात्र बसले. तिथे आपल्याकडची एक खोड आडवी आली. आपले पेपर दुसऱ्या पेपराचं किंवा चॅनलचं नाव चुकूनही छापत नाहीत. ‘एका स्थानिक वाहिनीने दिलेल्या वृत्तानुसार’... बस! कोणती ते वाचकाने ओळखायचं. चार दिवस हाताला लागतील ती जुन्या पेपरांची बाडं चाळली, नाव एकदाही सापडलं नाही.

म्हणून रविवारची एसटी धरली. घरात कात्रणं असतील तर बघू, नसतील तर निदान समोर बसून नाही म्हणू.

स्वातीचे वडील, वसंतकाका, सत्तरीचे आहेत. स्वातीने पोहे दिले आणि फायली मांडल्या. सत्काराचे फोटो, मानपत्रं, वर्धापनदिनाच्या जाहिराती... सगळं त्यांनीच छापून घेतलेलं. मी एकेक कागद बाजूला ठेवत गेले आणि तिचं तोंड उतरत गेलं. मला माझाच राग यायला लागला होता.

काका उठले, कपाटातून एक पाकीट आणलं आणि त्यातलं कात्रण माझ्यापुढे ठेवलं. एका पेपराचा अग्रलेख. ‘मोर्णाकाठ’चं नाव थेट मथळ्यात, आणि खाली नुसतं झोडपलेलं!

झालं असं होतं. त्यांच्या चॅनलवर खालच्या पट्टीत निधनाच्या वार्ता जायच्या. एकदा कुणाच्या तरी फोनवर विश्वास ठेवून त्यांनी एका जिवंत मुख्याध्यापकांची वार्ता दिली. सकाळी लोक हार घेऊन दारात आणि गुरुजी ओट्यावर दात घासत बसलेले... त्यांची लेक परतवाड्याहून जीप करून रडत आली होती. चूक झाली की मात्र पेपरवाले नाव छापतात.

स्वाती उसळली. “बाबा, हे कायले देता? मंग हेच लिवलं जाईन ना!”

“बाकी सारं आपलंच सांगणं आहे, पोरी,” काका म्हणाले. “दुसऱ्यानं लिवलेलं एवढंच आहे. अन् खोटं नाही त्यात काही.”

त्या दिवसापासून त्यांनी नियम केला होता. घरचं माणूस येऊन वहीत सही करेपर्यंत निधनाची वार्ता द्यायची नाही. “एकडाव एक मोठे पुढारी गेले. साऱ्या चॅनलवर सकाळी आलं, आमच्यावर दुपारी. लोक हासले. म्या म्हटलं, हासू द्या.” मी यांना नियम समजावायला आले होते...

कात्रणावर तारीख होती. तारीख मिळाली की ग्रंथपालाचं अर्धं काम होतं. सोमवारी दुसऱ्या एका पेपरात त्याच प्रकरणाची बातमी सापडली. वाहिनी कधी सुरू झाली ते, आणि सहीच्या वहीचाही उल्लेख तिच्यात होता. सहा वाक्यांचा लेख नव्याने लिहिला, चौथं वाक्य त्या चुकीचं. ज्यांच्या घरचे पोहे खाल्ले त्यांचा निकाल आपण देऊ नये, म्हणून सूचना मी काढली नाही. दुसऱ्या संपादकाने संदर्भ तपासले आणि लेख राहिला.

परवा काकांचा फोन आला. वाटलं, खूश असतील. त्यांनी लेख स्वातीकडून वाचून घेतला होता आणि त्यांना एकच विचारायचं होतं. “त्या गुरुजीचं नाव टाकाच लागते काय? ते तं आता नाहीत, पण लेक आहे त्यांची. तिनं काहून वाचावं ते पुन्हा?”

नाव मी टाकलं होतं. बातमीत होतं, म्हणून टाकलं... आमच्या नियमात बसतही होतं. फोन ठेवला आणि आधी ते नाव काढलं.

नियमांची पानं मला तोंडपाठ आहेत, पण गुरुजींच्या लेकीचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. काका, तुमचे आभार मानायचे फोनवर राहून गेले, ते इथे मानते.